नववीची लेक, 'रेडिमेड' प्रकल्प आणि विज्ञान संशोधनाच्या स्पर्धा

कढीलिंब | १२ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज नड आली म्हणून पहिला धागा काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

लेक यंदा नववीत. गेल्या शनिवारी शाळेच्या पालकसभेत एका खाजगी संस्थेची माणसं आली होती. शाळकरी मुलांना 'संशोधक' बनवणारं पॅकेज: विषय, मार्गदर्शक, प्रयोगाची आकडेवारी, पोस्टर आणि शेवटी एका 'आंतरराष्ट्रीय जर्नल'मध्ये शोधनिबंध. फी ८५ हजार, हप्ते पाडून मिळतील म्हणे. सोबत चाळीस विषयांची छापील यादी. आमच्या घरी ती यादी फ्रिजला चिकटवलेली आहे. नवरा म्हणतो, पुढे परदेशात प्रवेशाला उपयोग होतो, भरून टाकू. माझ्या पोटात गोळा आलाय.

लेकीला विचारलं, यातला कुठला आवडतो? ती म्हणाली, "आई, आधी मला यातला एक तरी विषय नीट वाचता येऊ दे."

तर जाणकारांनो, या स्पर्धांमधल्या खऱ्या कुठल्या? एवढे पैसे न घालता घरच्या घरी काही करता येतं का? आम्ही बदलापूरला असतो. शाळा साधी आहे, प्रयोगशाळेला बहुतेक वेळा कुलूप.

चकलीचा_सोऱ्या | १२ जून, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतो. आमचा आठवीत आहे, पुढच्या वर्षी हीच वेळ येणार.

अळणी | १३ जून, सकाळी ७:२०

कढीलिंबताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. शाळकरी मुलांच्या स्पर्धा या आईबापांच्या स्पर्धा असतात. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एक चक्कर मारा. इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारा जेसीबी, हात पुढे केला की उघडणारी कचरापेटी, अंधांसाठी वाजणारी काठी आणि गाडी गेली की वीज बनवणारा गतिरोधक. दरवर्षी हेच चार, फक्त थर्माकोलचा रंग बदलतो. माझ्या पुतण्याच्या 'स्मार्ट कचरापेटी'चा आर्डुइनो (प्रोग्राम भरायचा छोटा सर्किट बोर्ड) माझ्या भावाने ऑनलाइन मागवला, प्रोग्राम शेजारच्या इंजिनिअरने भरला. पुतण्याने पुठ्ठ्याला हिरवा रंग दिला. बक्षीस मिळालं!

मास्तर_निवृत्त | १३ जून, दुपारी २:५०

अळणी, जेसीबीचं अगदी खरं. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, असे जेसीबी डझनाने पाहिलेत. पण सगळं एकाच पोत्यात भरू नका. प्रदर्शन वेगळं, परीक्षा वेगळी आणि संशोधन वेगळं. पालकांचा गोंधळ इथेच होतो.

विज्ञानाच्या परीक्षांचं ऑलिंपियाड मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून चालतं. अवघड असतं, उत्तम असतं, पण तिथे प्रश्न दुसऱ्याने घातलेला असतो आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. नावात होमी भाभा असलेली दुसरी ती 'डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा'. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळाने १९८१ साली सुरू केली, सहावी आणि नववीसाठी. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, आणि त्यातून तरलेल्या मुलांना कृती संशोधन प्रकल्प व मुलाखत. म्हणजे संशोधन आहे, पण तिसऱ्या पायरीवर. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी आता गल्लोगल्ली क्लास निघालेत, त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

इन्स्पायर मानक ही केंद्र सरकारची योजना. शाळेतून मुलांच्या कल्पना पाठवायच्या, निवड झाली की नमुना बनवायला १० हजार रुपये मुलाच्या खात्यात येतात. ही झाली नवकल्पना, युक्ती. 'असं का होतं?' हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

मला विचाराल तर तुमच्या लेकीसाठी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद. १९९३ पासून चालू. वय १० ते १७. दोन मुलांचा गट, एक मार्गदर्शक शिक्षक. पूर्वी पाच जणांचा गट असायचा, तेव्हा दोघं काम करायचे आणि तिघं फोटोत असायचे. दर दोन वर्षांसाठी एक मुख्य विषय देतात, उदाहरणार्थ २०१४-१५ ला हवामान होतं. त्या विषयाखाली आपल्या गावातला, आपल्या गल्लीतला प्रश्न घ्यायचा. मॉडेल सक्तीचं नाही, प्रकल्प मराठीत मांडता येतो, आणि रोजची नोंदवही दाखवावी लागते. जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय. पूर्वी राष्ट्रीय परिषद २७ ते ३१ डिसेंबरला ठरलेली असायची, करोनानंतर वेळापत्रक घसरलं. तेव्हा यंदाच्या तारखा आधी पक्क्या करून घ्या. महाराष्ट्राचं काम ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने वर्षानुवर्षं पाहिलंय, तुम्हाला जवळच.

आणि ती यादी फ्रिजवरून काढा.

पाटीपेन्सिल | १३ जून, रात्री ९:१५

मास्तरांना दंडवत. मी अधूनमधून परीक्षक म्हणून जाते, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगते.

दहा मुलांपैकी तिघांकडे तरी टीडीएस मीटर असतो, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारा. "मॅडम, आमच्या नदीचं पाणी शुद्ध आहे, टीडीएस १८० आला." मी विचारते, हे यंत्र नक्की काय मोजतं? शांतता. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतं. चिमूटभर मीठ टाका, आकडा उसळतो. ग्लासभर सांडपाण्यातले जंतू मिसळा, त्या जंतूंपायी तो हलायचाही नाही. मुलाला हे माहीत नसणं हा गुन्हा नाही, पण सहा महिने एक यंत्र वापरून ते काय मोजतं याचं कुतूहल वाटू नये?

उलट एकदा एक मुलगा आला होता, कोकणातला. पाण्याचा कठीणपणा काढला होता, शाळेतल्या ब्युरेटवर (थेंबथेंब द्रव सोडायची मोजनळी). लाल रंग निळा होतो तो क्षण त्याला पकडता येत नव्हता, म्हणून त्याने एक 'निळा झालेला' फ्लास्क शेजारी ठेवून तुलना केली. वहीत पहिल्या अकरा वाचनांवर काट मारलेली, बाजूला लिहिलेलं: 'मी घाई केली.' मी त्याला तिथेच पास केलं.

एक खूण सांगते. मुलाचं स्वतःचं काम असेल तर ते काय चुकलं ते आधी सांगतं. विकत घेतलेल्या प्रकल्पात काहीच चुकलेलं नसतं.

मेरीलँडची_मैना | १४ जून, पहाटे ५:३२

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या गोष्टी सांगते, तुमच्या मिस्टरांना दाखवा.

आयसेफ म्हणून जी शाळकरी मुलांची विज्ञान प्रकल्पांची स्पर्धा ऐकतो ती १९५० साली फिलाडेल्फियात सुरू झाली, १९५८ पासून आंतरराष्ट्रीय झाली. प्रायोजक बदलत गेले, आधी इंटेल, २०२० पासून रीजेनेरॉन. नववी ते बारावीची मुलं, साठ-सत्तर देशांतून येतात. भारताचा संघ बरीच वर्षं आयरिस नावाच्या राष्ट्रीय मेळाव्यातून निवडला जातो. माझी मोठी इथल्या विभागीय फेरीपर्यंत गेली होती, त्यामुळे नियम पाठ झालेत.

इथे आधी फॉर्म, मग प्रयोग. माणसांवर नुसती प्रश्नावली जरी फिरवायची असली तरी समितीची परवानगी आधी लागते. घरी जंतू वाढवायला सक्त मनाई. माझ्या लेकीला हाताला लागलेले जंतू स्वयंपाकघरात वाढवून पाहायचे होते, सरळ नाही म्हणाले, शाळेच्या प्रयोगशाळेत जा. एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत काम केलं असेल तर तिथल्या शास्त्रज्ञाला वेगळा फॉर्म भरावा लागतो, त्यात मुलाने स्वतः नेमकं काय केलं ते विचारतात. प्रकल्प जुनाच पुढे चालवला असेल तर फक्त गेल्या वर्षभराचं काम धरतात. परीक्षण चालू असताना आईबाप, शिक्षक सगळे दालनाबाहेर. पॅकेजवाले तिथे आत येऊ शकत नाहीत हो.

दुसरी इथली जुनी स्पर्धा सायन्स टॅलेंट सर्च, १९४२ पासूनची, फक्त बारावीसाठी आणि एकेकट्याने. ३०० जणांना दोन-दोन हजार डॉलर, त्यातल्या ४० जणांना वॉशिंग्टनला बोलावतात, पहिलं बक्षीस अडीच लाख डॉलर. रक्कम ऐकून आपल्या मंडळींचे डोळे विस्फारतात आणि मग 'मेंटॉर' शोधायची पळापळ. ते दुकान इथेही जोरात आहे, आणि फी बघाल तर तुमचे ८५ हजार स्वस्त वाटतील.

गंमत म्हणजे आयसेफमध्ये वरचे नंबर मिळवणाऱ्या मुलांची नावं लघुग्रहांना दिली गेलीत. पुण्याच्या एका मुलीच्या नावाचाही एक आहे.

अळणी | १४ जून, सकाळी ८:००

लघुग्रह वगैरे ठीक. बदलापूरच्या मुलीने काय करायचं ते कोणी सांगेल का? धाग्याचा काश्मीर व्हायच्या, म्हणजे चर्चा भरकटायच्या आत.

पाटीपेन्सिल | १४ जून, सकाळी ८:४५

अळणी, आज तुमच्याशी सहमत व्हायची वेळ आली. ताई, लेकीला एक आठवडा काही करायला सांगू नका. नुसत्या 'असं का?' अशा गोष्टी लिहायला सांगा. ज्या मोजता येतील त्यांवर खूण.

कढीलिंब | २२ जून, रात्री १०:१०

सर्वांचे मनापासून आभार. यादी फ्रिजवरून उतरली (नवरा दोन दिवस गप्प होता).

लेकीने सव्वीस प्रश्न लिहिले. बरेचसे 'लोकल नेहमी उशिरा का येते' छापाचे. पण एकावर आम्ही दोघी अडकलो. मी उसळीसाठी मटकी भिजवली होती, मोड आलेल्यातून गणंग, म्हणजे न भिजलेले टणक दाणे, निवडत होते. तिने विचारलं, "आई, हे दाणे मेलेले असतात का? आणि दर वेळी सारखेच निघतात का?" मी वीस वर्षं गणंग निवडतेय, मला सांगता आलं नाही.

तिने लगेच तीन वाट्या मांडल्या. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची मटकी, मॉलमधलं पाकीट आणि माझ्या माहेरची, साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली. प्रत्येकी शंभर दाणे, रात्रभर पाणी, मग फडक्यात. गणंग निघाले: किराणा ९, पाकीट ४, माहेर १४. तिने निष्कर्ष लिहिला, 'मामाची मटकी सगळ्यात वाईट.' मामाला अजून सांगितलेलं नाही.

हा प्रकल्प होऊ शकतो का? की फारच पोरकट?

बी_बियाणे | २३ जून, दुपारी १:३०

पोरकट? ताई, मी बीजपरीक्षण प्रयोगशाळेत आयुष्य काढलंय आणि तुमच्या लेकीने आमचं खातंच उघडलं. लॉगिन करायला पासवर्ड आठवत नव्हता, खास तुमच्यासाठी नवा केला.

तुमचं गणंग म्हणजे आमच्या भाषेत 'कठीण बी'. उगवण तपासताना आम्ही दाण्यांचे गट पाडतो: चांगलं रोप, बिघडलेलं रोप, कुजलेलं म्हणजे मेलेलं, आणि जे पाणीच पीत नाही ते कठीण. कडधान्यांच्या सालीतून काही दाण्यांत पाणी शिरतच नाही. आत जीव असतो, दार बंद असतं. कोरड्या हवेत पक्व झालेल्या, नीट वाळलेल्या बियांत हे प्रमाण जास्त असू शकतं. सगळी बी एकाच पावसाला फसून उगवू नये, म्हणून रोपाने राखून ठेवलेली शिल्लक म्हणा. म्हणून तर डाळवर्गीय प्रमाणित बियाण्याची उगवणक्षमता काढताना कठीण बियाही जमेत धरतात. तुमच्या कढईत जो दोष, तो माणच्या शेतकऱ्याच्या वावरात भांडवल.

आता आकड्यांकडे. शंभर दाण्यांवर मामाला फासावर देऊ नका. एकाच पोत्यातून पुन्हा पुन्हा शंभर दाणे घेऊन पाहा, दर वेळी वेगळा आकडा येईल. पोत्यात शेकडा दहा गणंग असतील तर शंभराच्या नमुन्यात चारपासून सोळापर्यंत काहीही निघू शकतं, नुसत्या योगायोगाने. म्हणून आम्ही प्रयोगशाळेत ४०० दाणे घेतो, शंभर-शंभरचे चार गट. तेच करायला सांगा. दाणे निवडून नाही, डोळे मिटून मुठीने घ्यायचे.

आणि मेलेत का हे पाहायचं असेल तर गणंगाची साल पॉलिश पेपरवर अगदी हलकी घासायची आणि पुन्हा भिजवायचं. निम्मे घासायचे, निम्मे तसेच. पुढचं सांगत नाही, तिलाच पाहू दे.

चकलीचा_सोऱ्या | २३ जून, दुपारी २:०२

जे बात! धाग्याची वाचनखूण साठवली आहे.

मेरीलँडची_मैना | २४ जून, पहाटे ४:५०

बी_बियाणे, काय सुरेख लिहिलंत. अवांतर: आयसेफच्या टेबलावर माती, पाणी, झाडं, खाद्यपदार्थ काहीच मांडू देत नाहीत. म्हणजे तिकडे मटकीचा एक दाणासुद्धा चालला नसता, फक्त फोटो.

कढीलिंब | १७ ऑगस्ट, रात्री ११:२०

उशिराबद्दल माफी. प्रगती आणि एक दुर्घटना.

शाळेतल्या बाई मार्गदर्शक व्हायला तयार झाल्या, प्रयोगशाळेचं कुलूपही निघालं. वर्गातली मैत्रीण जोडीदार. यंदाच्या मुख्य विषयात 'अन्न आणि शेती' या उपविषयाखाली बसवलंय. चारशे-चारशे दाणे मोजायला दोघींना एक पूर्ण रविवार लागला. नवरा मदतीला बसला, आणि वीस मिनिटांत 'शंभर झाले' म्हणाला. लेकीने परत मोजले तर ९७. त्याला चहा करायला पाठवण्यात आलं.

दुर्घटना अशी की सासूबाईंनी सकाळी फडक्यात बांधलेला नमुना क्रमांक २ पाहिला आणि त्याची उसळ केली. किराणावाल्याचे चारशेच्या चारशे दाणे. उसळ छान झाली होती. लेक रडली, मग खाल्ली, मग वहीत लिहिलं: 'नमुना २ नष्ट (उसळ).' दुकानातून परत मटकी आणली, पण तोवर पोतं बदललेलं. आता हा तोच नमुना धरायचा का?

पाटीपेन्सिल | १८ ऑगस्ट, सकाळी ९:००

तोच धरायचा नाही. 'नमुना २ ब' असं नाव द्यायचं आणि पोतं बदललं हे लिहायचं. उसळीची नोंद अजिबात खोडायची नाही. मी परीक्षक असते तर पहिला प्रश्न त्यावरच विचारला असता. सासूबाईंना साष्टांग.

कढीलिंब | २८ सप्टेंबर, रात्री ९:४५

आकडे देते, वहीतून जसेच्या तसे.

मामाची मटकी: १४, ८, १७, ११. चारशेत ५०.
किराणा २ ब: ९, १२, ६, ९. चारशेत ३६.
पाकीट: ४, ३, ५, २. चारशेत १४.

मग मामाचे ५० गणंग घेतले. २५ घासले, २५ तसेच ठेवले. घासलेल्यांपैकी दोन घासतानाच फुटले, उरलेले २३ सकाळी टम्म फुगलेले, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मोड. न घासलेल्या २५ पैकी पहिल्या दिवशी फक्त एक फुगला. लेक पहाटे साडेपाचला उठून वाटी बघायला गेली. शाळेसाठी हीच पोरगी तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही.

बी_बियाणे काका, मामा सुटला का?

बी_बियाणे | २९ सप्टेंबर, सकाळी ११:१०

मामा निर्दोष! ५० आणि ३६ मधला फरक एवढ्या नमुन्यावर छातीठोकपणे सांगता येत नाही. दोन्ही सारखेच असले तरी असा फरक पडू शकतो. पाकीट मात्र दोघांपासून नक्की वेगळं आहे. का वेगळं? जात वेगळी असेल, वाळवण, साठवण, यंत्रात साफ करताना साल घासली गेली असेल. यातलं काहीच तिने तपासलेलं नाही, तेव्हा 'का' या रकान्यात 'माहीत नाही' लिहायचं. हे लिहायला हिंमत लागते, माझ्या खात्यातही फार कमी जणांना जमायचं.

अळणी | २९ सप्टेंबर, दुपारी १२:३०

मी जून महिन्यातलं माझं विधान अंशतः मागे घेतो. जेसीबीबद्दलचं नाही.

कढीलिंब | २५ नोव्हेंबर, रात्री १०:५५

जिल्हा फेरी झाली. राज्यासाठी निवड झाली नाही.

एका परीक्षकांनी विचारलं, "मॉडेल कुठाय?" लेकीने वही पुढे केली, त्यांनी उघडली नाही. "समाजाला याचा काय फायदा?" असंही विचारलं, ती गडबडली. दुसऱ्या बाई होत्या त्यांनी मात्र वही पानापानाने वाचली, उसळीच्या पानावर मोठ्याने हसल्या आणि मग पोतं बदललं त्याचं काय केलंस म्हणून दहा मिनिटं पिळून काढलं. परतताना लोकलमध्ये लेक त्या बाईंबद्दलच बोलत होती.

नवऱ्याला निकालाचं तिच्यापेक्षा जास्त लागलंय. दोन दिवस 'ते ८५ हजार भरले असते तर' चालू आहे. मी उत्तर देत नाही.

मास्तर_निवृत्त | २५ नोव्हेंबर, रात्री ११:३०

वही न उघडणारे परीक्षक मी पण पाहिलेत, आणि लाज वाटते सांगायला, एका वर्षी घाईत मीही चार वह्या न उघडता गुण दिले होते. लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. वयात बसते अजून, पुढचं वर्ष दहावीचं आहे म्हणून कोणी अडवलं तर मला फोन लावून द्या.

बी_बियाणे | २६ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

ते न घासलेले २५ दाणे टाकून दिले का?

कढीलिंब | २६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

नाही हो काका. फ्रिजशेजारी बशीत ओल्या टिपकागदावर आहेत, सासूबाईंना हात लावायची बंदी आहे. १५ सप्टेंबरला ठेवले होते. रोज रात्री ती कागद बदलते आणि मोजते. काल एकाहत्तराव्या दिवशी अकरा उरले होते. आज एक फुगलाय, दहा.